सलग १३ हार, पहाटेचा गजर, आणि पोरगा म्हणतो 'बाबा, टीम बदलू'

फुटाळा_फॅन | २२ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, त्यात हा एक आइस हॉकीचा. मॉडरेटरनी उडवू नये. वाचणारे दोघं-तिघं निघाले तरी माझं काम भागेल.

मी बफेलो सेबर्सचा चाहता. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली ३२ संघांची व्यावसायिक लीग, आणि त्यातला हा न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाचा, नायगरा धबधब्याजवळच्या गावचा संघ. २००९ ते २०११ मी तिथे एमएसला होतो. पहिल्या हिवाळ्यात रूममेटने विद्यार्थ्यांच्या स्वस्त तिकिटावर नेलं. छताला डोकं टेकेल अशी वरची रांग, पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, कुठे आहे तेच दिसेना. लोक उठले की गोल झाला असं समजायचं. दुसऱ्या पिरियडला (मॅचचे असे तीन भाग असतात) मीही उठून बोंबलत होतो, कशासाठी ते विचारू नका. २०११ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाबरोबरची प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, मालिका सातव्या मॅचपर्यंत खेचली आणि हरलो. त्या उन्हाळ्यात मी नागपूरला परतलो. तेव्हापासून आजतागायत सेबर्सनी प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. १३ सीझन झाले. ३२ पैकी १६ संघ आत जातात, म्हणजे निम्मा वर्ग पास होतो, आणि आमचं पोरगं दरवर्षी नापास. एनएचएलच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. बायको म्हणते, "पनौती तिथून निघाली म्हटल्यावर त्यांचं भलं व्हायला पाहिजे होतं. हे उलटंच झालं."

आता वेळेचं सांगतो. त्यांची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सुरू होते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाचला. म्हणजे हिवाळ्यात जरा बरं. स्वयंपाकघरात ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान दूधवाल्यासाठी मोकळा. आईला वाटतं मी योगाचे व्हिडिओ बघून राहिलो.

यंदाचा सीझनच विचित्र सुरू झाला. पहिल्या दोन मॅच प्रागमध्ये, न्यू जर्सीविरुद्ध. पहिली आपल्या रात्री साडेदहाला! इतक्या वर्षांत प्रथमच माणसांच्या वेळेला सेबर्स. सगळं घर टीव्हीपुढे बसवलं, चिवडा-बिवडा काढला. दोन्ही मॅच हरले. पण नंतर गाडी रुळावर आली. ११ विजय, ९ पराभव आणि एक जादा वेळेतला, असं करत नोव्हेंबर संपत आला आणि प्लेऑफच्या जागा हाताशी दिसायला लागल्या.

मग २७ नोव्हेंबरला मिनेसोटाकडून १-० ने हरले, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. १३ मॅच. त्यातल्या तीन जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये गेल्या म्हणून एकेक गुण मिळाला. जिंकल्याचे दोन, जादा वेळेत हरल्याचा एक, साध्या हारेला भोपळा, असा हिशेब असतो. २६ पैकी ३ गुण.

नुसतं हरणं मी पचवलंय हो. पण कोलोरॅडोची मॅच ऐका. आपल्याकडे ४ डिसेंबरची पहाट. पहिल्याच पिरियडमध्ये ४-०. चार शून्य! मी पोराला गदागदा हलवून उठवलं. चौथीत आहे तो. ब्लँकेटसकट ओट्यावर येऊन बसला, बोर्नव्हिटा तिथेच प्याला, आणि शाळेच्या बसकडे गेला तो "चार-शून्य, चार-शून्य" घोकतच. बसमधल्या सगळ्या पोट्ट्यांना सांगितलं असणार. ती मॅच ५-४ ने हरले. संध्याकाळी त्याने दप्तर ठेवायच्या आधी विचारलं, "किती झाले शेवटी?"

तसंच गेल्या आठवड्यातलं. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, मोर्चे, म्हणून मी गाडी न काढता मेट्रोने सीताबर्डीला बदलून खापरीपर्यंत जात होतो. १८ तारखेला सकाळी लवकरची मीटिंग असल्याने मॅच अर्धी सोडून निघालो आणि उरलेली मेट्रोत बघितली. संघाचे मालक टेरी पेगुला त्याआधी खास मॉन्ट्रियलला जाऊन खेळाडूंशी बोलून आले होते. आता काहीतरी पेटेल म्हटलं. मॉन्ट्रियलने ६-१ ने धुतलं. अजनी चौकापर्यंत मी मोबाइल खिशात घातला होता.

आणि काल पोरगा जेवताना म्हणाला, "बाबा, आपण दुसरी टीम घेऊ ना. एडमंटन घेऊ. मॅकडेव्हिड आहे त्यांच्याकडे." (एडमंटन हा कॅनडातला संघ, आणि मॅकडेव्हिड त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू.)

तर प्रश्न असा. पोराला घेऊ द्यावी का दुसरी टीम? आणि मी स्वतः काय करू? संध्याकाळी यूट्यूबवर दहा मिनिटांचे हायलाइट्स बघितले तर झोपही होते आणि त्रासही कमी. पण मग त्याला बघणं म्हणायचं का, हेही मला कळत नाही. हरणारी टीम वर्षानुवर्षं धरून असलेले लोक इथे असतील (क्रिकेट, फुटबॉल, काहीही चालेल). तुम्ही नेमकं काय बघता?

---

तर्री_पोहा | २२ डिसेंबर, रात्री १०:०५

अबे भाऊ, काहून झोपेचं खोबरं करून राहिला बे? नागपूरच्या थंडीत पहाटे साडेपाचला माणूस फक्त दोन कामांसाठी उठते. एक रेल्वे पकडायला, दुसरं मॉर्निंग वॉकच्या नावानं पोहे खायला. ते तेरा मॅच हरले, त्यांचा पगार कापला का कोणी? तुझी झोप मात्र गेली. पोट्टं बरोबर बोलून राहिलं. घेऊन टाक एडमंटन.

---

जुना_व्हीसीए | २३ डिसेंबर, सकाळी ७:१५

मला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पण हरणारी टीम धरून बसण्याचं विचाराल तर आमच्या पिढीइतका अनुभव कुणाला नसेल.

विदर्भ रणजीत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ साली. पहिला करंडक जिंकला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. मध्ये साठ वर्षं गेली. मी त्यातली बरीचशी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीएवर बसून काढली. मध्य विभागात रेल्वे, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश. आमचा संघ पहिल्या डावात पिछाडीवर गेला की डबा उघडायचा, एवढा तो नेम होता. पेपरात चार ओळी यायच्या, त्यातही विदर्भाचं नाव दुसऱ्या ओळीत.

मग बघायचो काय? एक माणूस धरायचो. यंदा हा डावखुरा सलामीवीर, त्याने नवा चेंडू किती वेळ खेळून काढला. यंदा हा मध्यमगती, त्याचा दुसरा स्पेल. संघ डावाने हरला तरी माझा माणूस त्या दिवशी पास झाला की मी खुशाल सायकल काढून घरी. तुमच्या तेरा मॅचमध्ये असा एखादा असेलच की.

पोराच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. विदर्भ हरला तरी आमचाच होता. सोडून जाणार कुठे, मुंबईला टाळ्या वाजवायला? (वाजवणारे होते म्हणा, नावं घेत नाही.) तुमच्या मुलाचं बफेलोशी नातं काय? त्याचे वडील दोन वर्षं तिथे शिकले, एवढंच. ते नातं तुमचं आहे, त्याच्या दप्तरात कशाला भरता? त्याला घेऊ द्या हवी ती टीम.

आणि आईंना योगाचं खोटं सांगू नका. त्यांना सगळं माहीत असतं.

---

मनीषनगर_ते_अ‍ॅम्हर्स्ट | २३ डिसेंबर, दुपारी १२:३०

दादा!! या फोरमवर सेबर्सचा धागा बघून मी खुर्चीतून उठले. मी मनीषनगरची, सध्या इथेच यूबीला, म्हणजे बफेलो विद्यापीठात, पीएचडी करतेय, राहायला बफेलोला लागूनच अ‍ॅम्हर्स्टमध्ये. इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि बाहेर बर्फ आहे.

गावातली हवा सांगते. सकाळी लॅबला जाताना ज्याच्या गाडीतून जाते तो डब्ल्यूजीआर ५५० लावतो, खेळांचं रेडिओ स्टेशन. लोक फोन करून करून नुसते तळतळाट देत असतात. ६ तारखेला जनरल मॅनेजर केविन अ‍ॅडम्सनी पत्रकार परिषद घेतली. मोठे खेळाडू बफेलोत यायला का तयार होत नाहीत, हे सांगताना त्यांच्या तोंडून निघालं की आमच्याकडे पामची झाडं नाहीत आणि टॅक्स आहे. झालं! पुढच्या मॅचपासून प्रेक्षक हवा भरायची पामची झाडं घेऊन हजर. माझ्या लॅबमधल्या एकाने टेबलावर छोटं प्लास्टिकचं लावून ठेवलंय.

२० तारखेला मी स्वतः गेले होते, टोरंटोविरुद्ध. एकटी नाही, लॅबचे चौघं होतो. टोरंटो इथून गाडीने दोनेक तासांवर, त्यामुळे त्यांचे लोक बॉर्डर ओलांडून झुंडीने येतात. आमच्या रांगेत डावीकडे निळे, उजवीकडे निळे. त्यांच्याकडे तिकिटं मिळत नाहीत आणि महाग, आपल्याकडे कुणी घ्यायला तयार नाही. आपल्याच घरात त्यांच्या घोषणा ऐकत ६-३ ने हरलो. पुढच्या सीटवर एक आजोबा होते, अंगात १९९९ च्या काळातली ती काळी-लाल जर्सी, बोकडाच्या मुंडक्याची. तिसऱ्या पिरियडमध्ये ते नातवाला समजावत होते की फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होताना, सेंटरच्या खेळाडूने काठी कुठे टेकवायची असते. स्कोअरबोर्डकडे बघतसुद्धा नव्हते.

आणि गंमत म्हणजे गाव काही दुःखात नाही. त्याच पेगुलांच्या मालकीची बिल्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम तुफान खेळतेय. १५ तारखेला डेट्रॉइटला ४८-४२ ने हरवलं. त्याच दिवशी आपण टोरंटोत हरलो, पण दुसऱ्या दिवशी रेडिओवर त्याचं नाव काढायलाही कुणाला सवड नव्हती. मला वाटतं सेबर्सना हेच जास्त लागत असेल.

जुना_व्हीसीए काकांचं पटलं. माझा धरलेला माणूस डालीन. कॅप्टन आहे, डिफेन्समन. या महिन्यात पाठीच्या दुखण्याने काही मॅच बाहेर होता आणि तो नसताना पक आपल्या भागातून बाहेर काढणं किती अवघड जातं ते दिसलं.

---

फुटाळा_फॅन | २३ डिसेंबर, दुपारी २:१०

@मनीषनगर, अगं बाई! बोकडाच्या मुंडक्याची जर्सी माझ्याकडेही आहे, सेकंडहँड. इथे घातली की सोसायटीचा वॉचमन विचारतो, "साहेब, सावजीचं नवीन हॉटेल निघालं का?"

@जुना_व्हीसीए, आईचं बरोबर निघालं. आज विचारलं तर म्हणाली, "कोणते योगवाले इतके आदळतात रे भिंतीवर?"

पण काका, पोराने एडमंटन मागण्यात काय मेख आहे ते तुम्हाला सांगायलाच हवं. २०१४-१५ ला सेबर्स लीगमध्ये शेवटून पहिले आले, आणि ते बऱ्यापैकी ठरवून. एनएचएलमध्ये खालच्या संघांना नव्या पोरांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. त्या वर्षीचा पहिला पोरगा म्हणजे मॅकडेव्हिड. सगळ्या बफेलोला तो हवा होता. इतका की मार्च २०१५ मध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्धच्या मॅचला समोरच्याने जादा वेळेत गोल मारल्यावर आपल्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही संघ तळाला, हरेल त्याचा फायदा. मी तो व्हिडिओ इथे नागपुरात बसून बघितला आणि मलाही आनंद झाला होता हे लिहायला काही वाटत नाही, सगळ्यांनाच झाला होता.

शेवटी लॉटरी निघाली एडमंटनला. मॅकडेव्हिड तिकडे. आपल्याला दुसरा नंबर, जॅक आयकल. तोही भारी खेळाडू, कॅप्टन केला. मग २०२१ ला मान दुखावली, कोणती शस्त्रक्रिया करायची यावरून क्लबशी वाजलं, आणि त्याला व्हेगासला दिला. २०२३ ला व्हेगासने कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. रायन ओ'रायलीला २०१८ ला सेंट लुइसला दिला, २०१९ ला ते जिंकले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर ओ'रायली. सॅम राइनहार्टला फ्लोरिडाला दिला, यंदा जूनमध्ये सातव्या मॅचचा निर्णायक गोल त्याचा. बफेलो सोडा, कप मिळवा. सरकारी योजनेसारखं चाललंय.

२०२२-२३ ला तर एका गुणाने गेलं. आपले ९१, फ्लोरिडाचे ९२. ते शेवटच्या जागेवरून आत गेले आणि थेट फायनलला पोचले.

म्हणजे पोरगा जी टीम मागतोय तिच्यातला तो एक माणूस नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे यायचा होता. आता त्याला हे सगळं कसं सांगू? सांगितलं तर म्हणेल, "म्हणजे तुम्ही मुद्दाम हरलात आणि तरी नाही मिळाला?"

---

तर्री_पोहा | २३ डिसेंबर, दुपारी २:२५

हाव भाऊ. मी पण हेच म्हणणार होतो.

---

कामठी_कॅन्ट | २३ डिसेंबर, रात्री ८:५०

राम राम मंडळी. मी फौजेतून रिटायर, आता कामठीलाच स्थायिक. एनएचएल मी बघत नाही. पण आइस हॉकी खेळलो आहे, लेहला पोस्टिंग असताना. खेळलो म्हणजे पडलो जास्त. तरी जे शिकलो ते सांगतो, कारण धागा मालकाने विचारलं आहे की बघायचं काय, आणि त्याचं उत्तर अजून कुणी पूर्ण दिलेलं नाही.

तिकडे बर्फाचं मैदान निसर्गावर. करझूच्या तळ्याचं पाणी गोठलं की खेळ सुरू, फेब्रुवारीपर्यंत. सकाळी बर्फ टणक असतो, ऊन चढलं की वरचा थर ओलसर होतो आणि पक अडकायला लागतो. साडेअकरा हजार फुटांवर हवा विरळ. माझ्यासारखा विदर्भातला माणूस स्केट बांधून तीस सेकंद जोरात गेला की छाती फुटायची वेळ. तिथले लडाखी जवान मात्र हसत हसत मागे-पुढे. ते लहानपणापासून तेच करत आलेले.

तर मुद्दा. या खेळात बर्फावर गोलकीपर धरून सहा जण. त्यातले पाच सतत बदलत असतात. चांगला खेळाडू एका वेळी पाऊण मिनिट, जास्तीत जास्त एक मिनिट खेळतो आणि बेंचवर येतो, दुसरा उडी मारून आत. खेळ थांबत नाही. पाऊण मिनिटाच्या वर थांबला की पाय दगडाचे होतात, आणि पाय दगडाचे झाले की माणूस विचार करायचा थांबतो.

आता दुसरा पिरियड बघा. प्रत्येक पिरियडला बाजू बदलतात, पण बेंच तिथेच राहतं. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये तुमचं बेंच तुमच्या बचावाच्या बाजूला जवळ असतं. दुसऱ्यात ते लांब जातं. म्हणजे तुमचे बचावपटू स्वतःच्या गोलसमोर अडकले की त्यांना बदलायला अर्ध्याहून जास्त मैदान पार करावं लागतं. जाणार कसे? गेले तर गोल उघडा पडतो. म्हणून थांबतात. दीड मिनिट, कधी पावणेदोन मिनिटं. तेच पाच जण. मग गोल बसतो आणि टीव्हीवर सगळे गोलकीपरला शिव्या घालतात.

४-० वरून ५-४ कसं होतं, ते मी ती मॅच न बघता सांगू शकत नाही. पण हरत आलेला संघ पुढे असताना काय करतो ते सांगतो, कारण तो आमचा संघ होता. घाबरतो. पक मिळाला की जोडीदार बघून द्यायच्या ऐवजी पलीकडच्या टोकाला भिरकावून देतो. पक मधल्या रेषेच्या अलीकडून मारला आणि कुणाला न लागता थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला तर ते आयसिंग. शिटी वाजते, खेळ परत तुमच्याच गोलसमोर सुरू, आणि एनएचएलमध्ये नियम असा की आयसिंग करणाऱ्या संघाला त्या वेळी माणसं बदलता येत नाहीत. म्हणजे जे पाच जण दमले म्हणून घाबरून पक फेकला, तेच पाच जण परत उभे. समोर ताजे पाच. हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा गोल ठरलेला. भीतीची शिक्षा या खेळात नियमातच लिहून ठेवली आहे, आणि तरुण संघ असेल तर ती जास्त वेळा भोगावी लागते.

म्हणून माझं सांगणं. फुटाळा भाऊ, एक मॅच पक सोडून बघा. दुसऱ्या पिरियडमध्ये नजर बेंचवर आणि निळ्या रेषांवर (मैदानाचे तीन भाग करणाऱ्या) ठेवा. किती जण वेळेत बदलले, किती अडकले. पक गमावल्यावर कोण खाली मान घालून मागे धावला आणि कोण गोल रिंगण घेत आरामात आला. संघ सुधारतोय की नाही ते तुम्हाला स्कोअरच्या आधी कळेल. पोराच्या हातात स्टॉपवॉच द्या, मोबाइलवर असतंच. त्याला मोजायला सांगा, डालीन का कोण तो, एका वेळी किती सेकंद आत होता. एडमंटनची मॅच असेल तर मॅकडेव्हिडचं मोजू दे. टीम कोणतीही असो, बर्फ तोच.

हायलाइट्समध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त गोल असतात.

---

जुना_व्हीसीए | २३ डिसेंबर, रात्री ९:३०

सुभेदार साहेब (अंदाजाने म्हणतोय, चुकलं तर माफी), हॉकी न कळणाऱ्या मलाही हे कळलं. फॉलोऑन नाकारता न येणाऱ्या संघाची अवस्था.

---

कामठी_कॅन्ट | २३ डिसेंबर, रात्री ९:४५

सुभेदारच. अंदाज बरोबर.

---

फुटाळा_फॅन | २४ डिसेंबर, सकाळी ८:५५

जिंकले!!!

न्यूयॉर्क आयलँडर्सना त्यांच्या घरी ७-१. सात! ऑफिसला उशीर होऊन राहिला तरी आधी इथे लिहितो.

सुभेदार साहेबांचं ऐकून दुसरा पिरियड पूर्ण बेंचकडे बघत बसलो. कॅमेरा पकामागे पळतो त्यामुळे निम्म्या वेळा बेंच दिसतच नाही, ही अडचण आहे. पण दिसलं तेव्हा खरंच वेगळं दिसलं. आजचे लोक वेळेत बदलत होते. आमच्या पाच जणांना अडकलेलं फार कमी वेळा पाहिलं. अर्थात सात गोल झाल्यावर सगळंच छान दिसतं, हेही खरं. कोलोरॅडोच्या मॅचची रेकॉर्डिंग आता या नजरेने बघायची आहे. बघवेल तेव्हा.

पोराला नाही उठवलं. ४ तारखेनंतर हिंमत नव्हती. साडेसातला आपणहून उठून आला, स्कोअर बघितला आणि पहिला प्रश्न, "अजून संपली नाही ना?" संपेपर्यंत शेजारी उभा राहिला, हलला नाही. मग स्टॉपवॉचचं सांगितलं, ते त्याला फार आवडलं. मॉन्ट्रियलच्या मॅचचे हायलाइट्स लावून मोजायला बसला आणि दोन मिनिटांत वैतागला, "बाबा, हे मधेच कापतात." सुभेदार साहेब, तुमचा मुद्दा सिद्ध.

टीमचं विचारलं. एडमंटनच घेणार म्हणाला, आणि कारण मॅकडेव्हिड नाही. त्यांच्या घरच्या मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातला असतात, रविवारी आरामात उठून बघता येतात. यावर मी काय बोलणार? मी फक्त एवढंच सांगितलं की २००७ ते २०१६ एडमंटनही सलग दहा सीझन प्लेऑफच्या बाहेर होतं आणि त्यांचा शेवटचा कप १९९० चा आहे. तो म्हणाला, "चालेल. आपल्याला सवय आहे."

---

मनीषनगर_ते_अ‍ॅम्हर्स्ट | २४ डिसेंबर, सकाळी ९:४०

दादा, इथे रात्रीचे अकरा वाजलेत आणि खालच्या मजल्यावरचा माणूस पॅन वाजवतोय. १३ हारेनंतरच्या एका विजयाला! २०२१ ला १८ मॅच जिंकले नव्हते, तेव्हाही मालिका तुटली ती फिलाडेल्फियाला ६-१ ने हरवून, असं माझा गाईड सांगत होता. दुष्काळ संपतो तेव्हा पूरच येतो वाटतं. गुणतक्त्यात तरीही तळाशीच आहोत, प्लेऑफला साधारण ९५ गुण लागतात आणि ते आता कसे जमवायचे ते मला विचारू नका.

आता नाताळची तीन दिवस सुट्टी. पुढची घरी, २७ ला शिकागो. तुमच्याकडे २८ ची पहाट, शनिवार. मी जाणार आहे, तिकीट घेतलं. आजोबा दिसले तर फोटो टाकते, म्हणजे जर्सीचा, त्यांचा नाही.

---

तर्री_पोहा | २४ डिसेंबर, सकाळी १०:१५

शनिवारी सुट्टी आहे ना भाऊ? मग मी येऊन राहिलो तुझ्या घरी साडेपाचला. मॅच बघू, आठ वाजता संपली की पोहे खायला जाऊ. पोट्ट्याले पण घे. हरले तर पोहे तुझ्याकडून.

---

फुटाळा_फॅन | २४ डिसेंबर, सकाळी १०:२०

ये. आवाज मात्र करायचा नाही, आई झोपलेली असते. आणि जिंकले तर कोणाकडून, ते आधी सांग.

---

तर्री_पोहा | २४ डिसेंबर, सकाळी १०:२२

तेव्हाचं तेव्हा पाहू बे.